इस्त्रीने चिकटणारे फ्युजिंग : निवड कशी करावी, चिकटवावे कसे आणि शिवावे कसे

शिवणसाहित्याच्या दुकानात जाऊन नुसते ‘फ्युजिंग द्या’ म्हटले, की दुकानदार बहुतेक वेळा ब्लाउजच्या गळ्याला लावायचे पांढरे कॅनव्हास कापून देतो. ते वाईट असते असे नाही. पण कुर्त्याची कॉलर, सुती पिशवीवर लावायचा खणाचा मोर, पडद्याची दुमड आणि होजिअरीच्या टी-शर्टवरचे ठिगळ या चारही कामांना तेच कॅनव्हास चालत नाही. इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणाऱ्या या साहित्याचे अनेक प्रकार आहेत, त्यांवरचे गोंद वेगवेगळ्या तापमानाला वितळतात, आणि वस्तू धुतल्यावर जोड किती टिकेल हेही बरेचसे त्या गोंदावरच ठरते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी असावीत: तयार वस्तू कशी धुतली जाणार आहे, आणि ती ताठ उभी राहायला हवी की मऊ लोंबायला हवी? कापड कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. शिलाई टाळण्यासाठी फ्युजिंग वापरले तर ते सहसा पहिल्या काही धुण्यांतच कडेने सुटू लागते. शिलाई सरळ यावी, कापड सरकू नये, कडेचे धागे निघू नयेत यासाठी ते वापरले, तर त्याच्याइतकी सोयीची वस्तू शिवणाच्या पेटीत दुसरी नाही. पुढचे सगळे विवेचन हीच भूमिका धरून केलेले आहे.

दुकानात काय काय मिळते

सर्वांत जास्त खपणारा प्रकार एका बाजूने चिकटणाऱ्या अस्तराचा आहे. शिंपी त्याला फ्युजिंग, पेस्टिंग किंवा सरळ कॅनव्हास म्हणतात. त्याच्या एका बाजूवरून बोट फिरवले तर बारीक खडबडीत ठिपके लागतात, किंवा उजेडात तिरपे धरल्यावर ती बाजू चमकते. तीच गोंदाची बाजू. कॉलर, कफ, काजपट्टी, हुकपट्टी, पँटचा बेल्ट, ब्लाउजचा गळा यांना आकार आणि ताठपणा देण्याचे काम हे अस्तर करते. जुन्या पद्धतीचे बकरम याहून वेगळे असते. ते खळीने कडक केलेले जाडसर सुती कापड असून त्यावर चिकटणारा थर नसतो, ते शिवूनच बसवावे लागते आणि धुण्यागणिक खळ उतरून मऊ पडत जाते. हल्ली ‘फ्युजिंग बकरम’ही मिळते, त्यामुळे बकरम मागताना चिकटणारे हवे की साधे, हे सांगावे लागते.

या एकतर्फी अस्तराच्या घडणी तीन. विणलेल्या सुती अस्तराला कापडासारखाच उभा आणि आडवा धागा असतो. ते कापडाबरोबर वळते, म्हणून कपड्यांसाठी बहुधा हेच उत्तम. न विणलेले, कागदासारखे दिसणारे अस्तर स्वस्त असते, त्याची कड उसवत नाही आणि पिशव्या, पर्सेस, भरतकामामागचा आधार यांसाठी ते चांगले चालते. मात्र कपड्यात ते अनेकदा पुठ्ठ्यासारखे वाटते आणि वारंवार धुतल्यावर त्याला सुरकुत्या पडतात. तिसरे होजिअरीच्या विणीचे, ताणले जाणारे अस्तर. टी-शर्ट, लेगिंग, लायक्रा मिसळलेले कापड यांना हेच हवे, कारण ताणल्या जाणाऱ्या कापडाला न ताणले जाणारे अस्तर चिकटवले की पहिल्याच ओढीला जोड सुटतो किंवा शिलाई तुटते.

दुसरा मोठा प्रकार दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या थराचा. यात कापड नसतेच. कोळ्याच्या जाळ्यासारखी गोंदाचीच विरळ जाळी किंवा पातळ पापुद्रा असतो आणि तो बहुधा कागदावर बसवलेला असतो. दोन कापडे एकमेकांना जोडण्यासाठी, म्हणजे मुख्यतः ॲप्लिके (कापडाची कापलेली आकृती दुसऱ्या कापडावर बसवणे) आणि पॅचवर्कसाठी, हा वापरतात. दुकानात ‘डबल साइड फ्युजिंग’ किंवा ‘फ्युजिंग वेब’ असे मागावे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना हीच वस्तू ‘बॉन्डावेब’ या नावाने आणि अमेरिकेतल्यांना ‘वंडर अंडर’ किंवा ‘हीट एन बॉन्ड’ या नावांनी मिळते. यांतल्या ‘हीट एन बॉन्ड’च्या दोन प्रतींतला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे: ‘लाइट’ ही प्रत शिवण्यासाठी आहे, तर ‘अल्ट्राहोल्ड’ ही शिलाईशिवाय वापरण्यासाठी असून तिच्यावर मशीन चालवू नये असे उत्पादकच सांगतो, कारण गोंदाचा जाड थर सुईला चिकटतो. भारतात सुटे मिळणाऱ्या दुहेरी फ्युजिंगमध्येही जाड आणि पातळ असा हा भेद असतोच, फक्त तो वेष्टनावर छापलेला नसतो. बोटांनी चाचपूनच ओळखावा लागतो.

याखेरीज दुमडीसाठी एक ते दोन सेंटिमीटर रुंदीची गुंडाळी, म्हणजे हेमिंग टेप, आणि पिशव्या व टेबलमॅटसाठी एका बाजूने चिकटणारे फोम किंवा वॅडिंग (जाडीसाठी आत घालायचा कापसासारखा थर) मिळते. मुंबईत भुलेश्वर, पुण्यात रविवार पेठ अशा बाजारांत यांचे बरेच प्रकार एका जागी पाहायला मिळतात, आणि प्रत्यक्ष हाताळून घेण्याचा फायदा ऑनलाइन खरेदीत नाही.

गोंद आणि धुलाई यांचे नाते

हे सगळे गोंद म्हणजे उष्णतेने वितळणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होणारी प्लॅस्टिके असतात. वितळलेला गोंद कापडाच्या धाग्यांमध्ये शिरतो आणि तिथेच गोठतो. जोड होतो तो असा. घरगुती वापराच्या दृष्टीने तीन गोंद माहीत असलेले पुरे. पॉलिअमाइडचा गोंद तुलनेने कमी तापमानाला वितळतो आणि ड्रायक्लीनिंगच्या द्रावणांपुढे चांगला टिकतो, म्हणून सूट आणि ब्लेझरच्या आतल्या अस्तरावर तो दिसतो. पॉलिएस्टरचा गोंद पाण्यातली धुलाई आणि ड्रायक्लीनिंग दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. शर्टच्या कॉलरच्या कडक फ्युजिंगवर बहुधा हाय डेन्सिटी पॉलिथिलीन असते. ते गरम पाण्यातही सुटत नाही, पण चिकटवण्यासाठी त्याला जास्त तापमान आणि चांगलाच जोराचा दाब लागतो. शर्टच्या कारखान्यात त्यासाठी दाबयंत्र असते. घरच्या किलोभर वजनाच्या इस्त्रीने हेच फ्युजिंग वरवर चिकटल्यासारखे दिसते आणि दोन धुण्यांत त्याला फुगे येतात. ‘महागातले कॉलर कॅनव्हास आणले तरी फुगले’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते. माल खराब नसतो, तो आपल्या इस्त्रीसाठी बनवलेला नसतो.

सुट्या मीटरने घेतलेल्या फ्युजिंगवर गोंदाचे नाव लिहिलेले नसते आणि दुकानदाराला ते ठाऊक असेलच असे नाही. त्याला विचारावे ते एवढेच: ‘घरच्या इस्त्रीने चिकटते का, की प्रेस मशीन लागते?’ हे त्याला नक्की माहीत असते. उत्तर काहीही मिळाले तरी आधी पाव मीटरच घ्यावे.

कापडाला साजेसे फ्युजिंग

फ्युजिंग कापडापेक्षा हलके असावे, हा नियम जवळजवळ सर्वत्र लागू पडतो. चिकटल्यानंतर गोंदामुळे ताठपणा आणखी एक पायरी वाढतो, त्यामुळे दुकानात हाताला ‘बरोबर’ वाटलेले फ्युजिंग घरी आल्यावर जास्त कडक ठरते. वजन प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये सांगतात. मलमल, वॉइल, पातळ सिल्क यांना २५ ते ४० ग्रॅमचे, साध्या सुती आणि खादी कुर्त्यांना ४० ते ७० ग्रॅमचे आणि पिशव्या, पट्टे, कडक कॉलर यांना त्याहून जड, असा अंदाज धरून चालावे. निवडताना आपले कापड फ्युजिंगवर न चिकटवता अंथरावे, दोन्ही मिळून बोटावरून खाली सोडावीत आणि जेवढी लोंबण हवी त्याहून थोडी जास्त लोंबत असतील तर ते फ्युजिंग घ्यावे.

रंगाकडे दुर्लक्ष होते. गडद कापडाखाली पांढरे फ्युजिंग लावले तर विरळ विणीतून पांढरट छटा दिसते आणि गोंदाचे ठिपकेही कधी कधी उमटतात. तिथे काळे किंवा करडे घ्यावे. ज्यातून आरपार दिसते अशा शिफॉन, जॉर्जेट, टिश्यू या कापडांना मात्र कोणत्याही रंगाचे फ्युजिंग शोभत नाही. तिथे त्याच रंगाचे ऑर्गंझा आत शिवून घेणे हाच नेटका उपाय.

कापड, इस्त्री आणि टेबल

नवे सुती कापड, खादी, हातमागाचा खण हे सगळे पहिल्या धुण्यात थोडेफार आटते. फ्युजिंग चिकटवल्यानंतर कापड आटले आणि फ्युजिंग आटले नाही, तर मधले जास्तीचे फ्युजिंग फुगे होऊन वर येते. म्हणून कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नव्या कापडाची खळही त्यामुळे निघते, आणि गोंदाला धाग्यापर्यंत पोहोचायला ते आवश्यक असते. या धुण्यात कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य घालू नये, त्याचा थर गोंद धरू देत नाही. विणलेले सुती फ्युजिंगही आटते. ते कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून, न पिळता, टॉवेलवर पसरून मग दोरीवर वाळत घालावे. त्यावर इस्त्री फिरवण्याचा मोह अर्थातच टाळावा. कागदावर बसवलेले दुहेरी फ्युजिंग मात्र कधीही भिजवू नये.

आपल्याकडे पलंगावर चादर टाकून इस्त्री करण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. रोजच्या कपड्यांना ते चालते, फ्युजिंगला चालत नाही, कारण दाब गादीत जिरून जातो. लाकडी टेबल किंवा जमिनीवर पाट ठेवून त्यावर जुन्या सुती चादरीच्या दोन-तीन घड्या, एवढा आधार उत्तम. टेबल कमरेच्या उंचीचे किंवा त्याहून थोडे खाली असले, तर उभे राहून शरीराचा भार इस्त्रीवर टाकता येतो, आणि हलक्या इस्त्रीची उणीव भरून काढण्याचा तोच मार्ग आहे.

इस्त्रीवरच्या एका ठिपक्याचा अर्थ साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन ठिपक्यांचा १५० आणि तीन ठिपक्यांचा २०० असा असतो. घरगुती फ्युजिंग बहुधा १२० ते १५० अंशांच्या टप्प्यात चिकटते, म्हणजे ‘सिल्क’ आणि ‘वूल’ या खुणांच्या आसपास. इस्त्रीचा दिवा विझला की ठरवलेले तापमान आले असे आपण समजतो, पण पहिल्यांदा तापताना पत्रा त्या तापमानाच्या बराच पुढे जातो. म्हणून दिवा एकदा विझून, पुन्हा लागून, दुसऱ्यांदा विझेपर्यंत थांबावे. तापमान वाढवायला दोन मिनिटे लागतात आणि उतरवायला त्याहून खूप जास्त, म्हणून सिल्कची कामे आधी उरकून सुतीची नंतर घ्यावीत. इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री वजनाने या कामाला अगदी योग्य असते, पण तिच्या तापमानाची खात्री देता येत नाही.

इस्त्री आणि कापड यांच्यामध्ये एक पातळ, धुतलेले सुती फडके हवेच. जुन्या धोतराचा किंवा पंचाचा तुकडा यासाठी नामी. दुहेरी फ्युजिंगच्या कामात टेफ्लॉनचा कागद असला तर अधिक चांगले. स्वयंपाकघरातला बटर पेपर वापरायचा असेल तर तो मेणाचा नाही याची आधी खात्री करावी, नाहीतर मेण कापडावर उतरते.

नमुन्याचा तुकडा

खऱ्या कापडाचा दहा सेंटिमीटरचा चौकोन कापावा, त्याच्या अर्ध्या भागावर फ्युजिंग ठेवावे आणि पुढे सांगितलेल्या पद्धतीने चिकटवावे. पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे निदान दहा मिनिटांनी, एक कोपरा नखाने उचलून पाहावा. तो अलगद उचलला गेला तर तापमान, वेळ किंवा दाब कमी पडला आहे. एका वेळी यांतली एकच गोष्ट वाढवून दुसरा तुकडा करावा, म्हणजे दोष नेमका कशात होता ते कळते. मग सुलट बाजू पाहावी. फ्युजिंग जिथे संपते तिथे रेघ उमटली असेल, तर त्या कामात फ्युजिंग पूर्ण तुकड्याला लावावे किंवा त्याची कड झिगझॅग कात्रीने कापावी. गोंदाचे ठिपके सुलट बाजूवर आले असतील तर तापमान जास्त झाले आहे किंवा गोंदच त्या कापडासाठी जड आहे. शेवटी हा तुकडा घरच्या नेहमीच्या धुण्यात टाकावा. लग्नाच्या ब्लाउजच्या आदल्या दिवशी हे शक्य नसते, हे खरे. म्हणूनच फ्युजिंग लागणारी शिलाई आदल्या दिवसावर ठेवू नये.

एकतर्फी फ्युजिंग : कुर्त्याची उभी कॉलर

कॉलरचे दोन तुकडे असतात, बाहेरचा आणि आतला. फ्युजिंग बाहेरच्या तुकड्याला लावावे. आतला तुकडा मोकळा राहिला तर मानेला कॉलर टोचत नाही. अनुभवी शर्ट-शिंपी कॅनव्हास शिलाईची माया (शिवणीसाठी कडेला ठेवायचे जास्तीचे कापड) न धरता, कॉलरच्या नेमक्या मापाचे कापतात आणि मग कॅनव्हासच्या कडेला अगदी लागून शिलाई मारतात. याचे दोन फायदे आहेत: शिलाईत जाड थर अडकत नाही, त्यामुळे उलटवल्यावर कड बारीक निघते, आणि कॅनव्हासची कडच शिलाईची रेघ होते, त्यामुळे कॉलरची दोन्ही टोके एकसारखी येतात. पातळ फ्युजिंग असेल तर ते मायेसह कापले तरी बिघडत नाही. विणलेले फ्युजिंग कापताना त्याचा उभा धागा कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळवावा. उरेब, म्हणजे धाग्याला तिरके, कापलेल्या तुकड्याला फ्युजिंगही उरेबच हवे.

कापडाचा तुकडा उलट बाजू वर येईल असा ठेवून त्यावरचे सुटे धागे आणि कापसाचे तंतू झटकून घ्यावेत, कारण गडद धाग्याचा एक तुकडा आत अडकला तर तो कायमचा दिसत राहतो. गोंदाची बाजू खाली करून फ्युजिंग ठेवावे, चार बोटांनी हलकेच सपाट करावे आणि वर फडके टाकावे. इथे बहुतेकांचा हात सवयीने चालतो आणि इस्त्री पुढे-मागे फिरू लागते. फिरवलेल्या इस्त्रीमुळे फ्युजिंग सरकते, कापड ताणले जाते आणि गोंदाला वितळण्याइतका वेळ कोणत्याही एका जागी मिळत नाही. इस्त्री मधोमध सरळ खाली ठेवावी, भार द्यावा, दहा ते पंधरा सेकंद मोजावेत, सरळ वर उचलावी आणि आधीच्या जागेवर थोडी चढेल अशी शेजारी ठेवावी. मध्यापासून टोकांकडे गेल्याने हवा बाहेर निघते.

वाफेच्या इस्त्रीच्या बाबतीत एक बारकावा आहे. तिच्या पत्र्याला भोके असतात आणि भोकांखाली ना दाब पडतो ना पुरेशी उष्णता, त्यामुळे भोकांच्या जागी न चिकटलेले छोटे ठिपके राहतात आणि पुढे तेच फुगतात. म्हणून सगळा तुकडा एकदा झाल्यावर इस्त्री अर्ध्या पत्र्याएवढी सरकवून पुन्हा एक फेरी करावी. वाफ वापरायची की नाही हे उत्पादकाच्या सूचनेवर ठरवावे. काही अस्तरांना ओलसर फडके लागते, पण कागदावरच्या दुहेरी फ्युजिंगला बहुतेक वेळा कोरडी इस्त्रीच चालते. सूचना नसेल तर कोरडीने सुरुवात करावी.

त्यानंतर तुकडा उलटून सुलट बाजूनेही फडक्यावरून दाबावा आणि तसाच सपाट ठेवून थंड होऊ द्यावा. गरम असताना उचलला तर अजून मऊ असलेला गोंद जागा सोडतो. वाकवला तर तो बाक कायम राहतो. पूर्ण थंड झाल्यावरच कॉलरचे दोन तुकडे सुलट बाजू आत करून जोडावेत, कॅनव्हासच्या कडेने शिलाई मारावी, माया अर्धा सेंटिमीटर ठेवून कापावी, वळणावर छोटे काप द्यावेत आणि उलटवावे. काज फ्युजिंग लावल्यानंतरच करावे. तेवढ्यासाठी, कॉलरला फ्युजिंग नको असेल त्या पातळ कुर्त्यातही, काजपट्टीला एक हलकी पट्टी लावणे चांगले, नाहीतर काजाभोवती कापड गोळा होते.

ब्लाउजच्या नक्षीदार गळ्यासाठी पद्धत हीच, फक्त जागा वेगळी. जरीच्या कापडाला थेट फ्युजिंग लावू नये. हल्लीची बरीच जरी धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची असते, ती उष्णतेने आकसते किंवा निस्तेज पडते, आणि अस्सल जरीवर गोंद उतरला तर तो निघत नाही. गळ्याच्या आकाराचे तीन-चार सेंटिमीटर रुंद कॅनव्हास सुती अस्तराच्या पट्टीला चिकटवावे आणि ती पट्टी जरीच्या कापडाला शिवून उलटवावी. गळ्याचा आकार कॅनव्हासमुळे टिकतो आणि जरीला इस्त्री फार जवळून सोसावी लागत नाही.

दुहेरी फ्युजिंग : पिशवीवर खणाचे ॲप्लिके

खणाच्या कापडाचे धागे कापल्याबरोबर निघू लागतात, म्हणून मांजरपाटाच्या किंवा जाड सुती पिशवीवर खणाची नक्षी लावायची असेल तर दुहेरी फ्युजिंगला पर्याय नाही. आकृती फ्युजिंगच्या कागदाच्या बाजूवर काढावी लागते आणि ती तयार वस्तूवर उलटी उमटते. उजवीकडे पाहणारा मोर डावीकडे पाहू लागला तर फारसे बिघडत नाही. पण ‘श्री’ काढायचे असेल तर ते अक्षर खिडकीच्या काचेवर कागद उलटा धरूनच गिरवावे.

आकृतीभोवती अर्धा सेंटिमीटर जागा सोडून फ्युजिंग ढोबळ कापावे. आकृती तळहाताहून मोठी असेल तर आतला भागही कापून काढावा आणि कडेला साधारण एक सेंटिमीटर रुंदीची चौकटच ठेवावी. कड धरली जाते आणि मधले कापड मऊ राहते. काढलेला मधला तुकडा दुसऱ्या लहान आकृतीला वापरता येतो. आता खणाच्या उलट बाजूवर गोंदाची बाजू ठेवून कागदावरून इस्त्री दाबावी, पण इथे थोडेच सेकंद पुरतात. या टप्प्यावर जास्त वेळ दाबले तर गोंद खणात पूर्ण मुरतो आणि पिशवीला चिकटायला काही उरत नाही. बाजारात पॉलिएस्टर मिसळलेला खणही पुष्कळ मिळतो. तो असेल तर तापमान खालच्या टप्प्यावर ठेवावे.

थंड झाल्यावर रेघेवरून धारदार कात्रीने अंतिम आकार कापावा. कात्री शक्यतो स्थिर ठेवून कापड फिरवावे, म्हणजे वळणे गुळगुळीत येतात. कागद काढताना कडेने नखाने खरवडत बसले तर नेमके तिथलेच धागे सुटतात. त्याऐवजी टाचणीच्या टोकाने कागदाच्या मधोमध हलकीशी चीर द्यावी आणि तिथून तो दोन्हीकडे सोलावा. कागदाबरोबर गोंदही उठत असेल तर तुकडा अजून गरम आहे किंवा गुंडाळी फार जुनी आहे. अनेक तुकड्यांची आकृती असेल, मोराचे अंग एका खणाचे आणि पिसे दुसऱ्याची, तर सगळे तुकडे आधी टेफ्लॉनच्या कागदावर एकमेकांवर मांडून हलके चिकटवावेत. थंड झाल्यावर पूर्ण मोर एका तुकड्यात सुटून येतो आणि पिशवीवर हवा तिथे बसवता येतो. मग फडके टाकून दहा ते पंधरा सेकंद दाबावे आणि पिशवी उलटून मागूनही दाबावे, कारण जाड कापडातून उष्णता एका बाजूने पुरेशी पोहोचत नाही.

यानंतर कडेची शिलाई. साधे झिगझॅग दोन ते अडीच मिलिमीटर रुंद पुरते. अधिक भरीव हवे असेल तर टाके जवळ आणून सॅटिनसारखी पट्टी करावी. सुईचा डावा टाका आकृतीत आणि उजवा कडेच्या अगदी लागून बाहेर, पिशवीच्या कापडात पडावा. सुई १४ नंबरची नवी घ्यावी. हाताने करायचे असेल तर ब्लँकेट टाका छान दिसतो, पण खणासारख्या सुटणाऱ्या कापडात तो तीन मिलिमीटरहून आखूड घेऊ नये. गोधडीवर हाताने धावदोरा घालायचा असेल, तर दुहेरी फ्युजिंगचे थर एकावर एक येऊ देऊ नयेत. दोन थरांतून हातसुई जाताना बोटे दुखून येतात.

हेमिंग टेप कुठे आणि कुठे नको

पडद्यांच्या लांबलचक सरळ दुमडींना टेपइतके सोपे काही नाही. टेप दुमडीच्या आत, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत ठेवावी, म्हणजे वितळलेला गोंद बाहेर येऊन इस्त्रीला लागत नाही. फॉर्मल पँटची दुमड तात्पुरती धरण्यासाठीही ती चालते.

शाळेच्या गणवेशाला मात्र टेप लावू नये. मूल वाढले की उसवून लांब करता यावे म्हणूनच आपण तिथे माया ठेवतो, आणि टेप काढल्यावर गोंदाची चमकदार रेघ मागे राहते. साडीच्या फॉलला टेपचा सल्ला देणारे व्हिडिओ अलीकडे दिसतात. माझ्या मते तो विचार सोडून द्यावा. फॉल साडीबरोबर वळायला हवा, टेपने निऱ्यांचा खालचा भाग फळीसारखा होतो आणि साडीला एकदा लागलेला गोंद सहजी निघत नाही. आजीची पैठणी, जुनी इरकल यांचे विरलेले भाग सांभाळण्यासाठीही फ्युजिंग नको. तिथे मागून मलमल किंवा जाळी लावून बारीक हातटाके घालावेत. ते हवे तेव्हा उसवता येतात.

मखमल, मुद्दाम चुरगळलेले क्रश कापड, नायलॉनचे रेनकोट, रेक्झिन, टिकल्यांचे कापड हेही या यादीत येतात. मखमलीचे केस दाबाने कायमचे बसतात, बाकीची उष्णतेने वितळतात किंवा रूप बदलतात.

बिघडले तर

फुगे आले असतील आणि वस्तू अजून धुतलेली नसेल, तर पुन्हा फडके टाकून जास्त वेळ आणि जास्त भार देऊन दाबावे. बरेचदा ते बसतात. धुतल्यानंतर आलेले फुगे पुष्कळदा आटण्यातून आलेले असतात आणि त्यांवर इस्त्रीचा उपाय तात्पुरता ठरतो. चुकीच्या जागी चिकटलेले फ्युजिंग काढायचे असेल तर ते पुन्हा गरम करून, गोंद मऊ असतानाच, कडेने सावकाश सोलावे. मागे राहिलेल्या गोंदावर टाकाऊ सुती तुकडा ठेवून गरम इस्त्री दाबावी आणि तुकडा गरम असतानाच ओढून काढावा. दरवेळी नवा तुकडा घेत हे करत गेले की बराचसा गोंद त्यांवर उतरतो.

सुईला गोंद चिकटून टाके सुटू लागले तर सुई स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावी. हे वारंवार होत असेल तर फ्युजिंग पूर्ण थंड झालेले नाही किंवा ते शिवण्याजोगे नाही. इस्त्रीच्या पत्र्यावर लागलेला गोंद पत्रा गरम असताना जाड, ओलसर सुती कापडावर घासून काढावा. नॉनस्टिक पत्र्यावर मीठ किंवा तारेची घासणी अजिबात वापरू नये. गरम पत्र्यावर औषधाची गोळी घासण्याचा उपायही सर्रास सांगितला जातो, पण त्याचा धूर नाकात जातो, तेव्हा तोही टाळलेला बरा.

इस्त्रीवाल्याकडे कपडे देत असाल तर टेप लावलेली पँट किंवा फ्युजिंगवाला सिल्कचा कुर्ता वेगळा दाखवून द्यावा. कडक तापलेल्या इस्त्रीने गोंद पुन्हा वितळतो आणि सुलट बाजूला डाग होऊन उतरतो.

उरलेले फ्युजिंग घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावे, कारण घडीची रेघ चिकटवल्यावरही दिसते. दुहेरी फ्युजिंगचा कागद दमट हवेत सुटू लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने ते बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत, उन्हापासून दूर ठेवावे. गुंडाळीला नमुन्याचा चौकोन टाचून त्यावर कापडाचे नाव, इस्त्रीची खूण, मोजलेले सेकंद आणि धुतल्यानंतर काय झाले ते पेनने लिहावे. सुट्या मीटरने घेतलेल्या, वेष्टन नसलेल्या फ्युजिंगला सूचनापत्र मिळते ते एवढेच.